देवळीतली डोळ्याची बाटली

आमच्याकडं बीड जिल्ह्यात घरोघरी देवळीत तीन गोष्टी हमखास सापडतात: अंगाऱ्याची पुडी, झंडू बाम आणि डोळ्याच्या थेंबांची अर्धवट बाटली. त्या तिसऱ्या गोष्टीबद्दल आज बोलायचंय.

२०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ आली तेव्हा आधी पुतण्याचे डोळे आले. मेडिकलवरून 'डोळ्याचे थेंब' आणले आणि एकाच बाटलीतून पोरगं, वहिनी, आई अशी सगळ्यांची सोय झाली. बाटलीचं टोक प्रत्येकाच्या पापणीला लागत होतं. म्हणजे रोग वाटायची व्यवस्था आपणच केली! शिवाय तसल्या साथीत बहुतेक वेळा व्हायरस असतो, डोळ्यातून नुसतं पाणी गळतं, आणि व्हायरसवर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. पिवळी-हिरवी घट्ट चिपडं येऊन सकाळी पापण्या चिकटत असतील तर बॅक्टेरियाचा संशय घ्यायचा. तोही डॉक्टरांनी.

उरलेली बाटली देवळीत गेली.

फेब्रुवारीत ज्वारी काढताना भावाच्या डोळ्यात पात्याचं टोक लागलं. फोनवर म्हणाला, "कशाला घाबरायलास? थेंब टाकलेत की." दोन दिवस लाली कमी झाली, सगळे खूश. मला आजही राग येतो तो त्या दोन दिवसांचा. त्या थेंबांत अँटिबायोटिकबरोबर स्टेरॉइड होतं. लाली स्टेरॉइडनं दबली, पण पात्यावरची बुरशी बुबुळात शिरली होती, ती आतल्या आत वाढत राहिली. पांढरा ठिपका दिसल्यावर अंबाजोगाईला नेलं. मग बुरशीचे वेगळे थेंब, सुरुवातीला दर तासाला, रात्रीसुद्धा. डोळा वाचला. बुबुळावर डाग राहिला, त्या डोळ्यानं धूसरच दिसतं.

तिथल्या मॅडमनी भावाला जे शिकवलं ते आम्हाला चाळिशीत पहिल्यांदा कळलं. एका वेळी एकच थेंब, कारण डोळ्यात त्याहून जास्त मावतच नाही, बाकीचा गालावरून वाहतो. खालची पापणी ओढून थेंब टाकायचा, डोळा मिटून नाकाकडचा कोपरा मिनिटभर दाबायचा. दुसरं औषध पाच-दहा मिनिटांनी. मलम शेवटी, शक्यतो झोपताना, तांदळाच्या दाण्याएवढं. त्यानं थोडा वेळ अंधुक दिसतं, तेव्हा लगेच मोटारसायकल काढायची नाही. डोळा बरा वाटला तरी सांगितले तेवढे दिवस औषध पुरं करायचं. आणि उघडलेली बाटली साधारण महिन्यानं फेकायची. आमची सहा महिन्यांची होती.

मेडिकलवाल्याला एकट्याला दोष देणं सोपं आहे. खोक्यावर लाल रेघ असते, चिठ्ठीशिवाय देऊ नये म्हणून. पण चिठ्ठी मागणाऱ्या दुकानदाराला "लई शहाणा झाला" म्हणून शेजारच्या दुकानात जाणारे आपणच ना? तालुक्याला डोळ्याचा डॉक्टर गाठायचा तर एक दिवसाची मजुरी बुडते, हेही खरं आहे. म्हणून सगळ्यांना एका काठीनं हाणणार नाही मी. फक्त डोळ्याला पातं, काडी, भुसा लागला असेल तर तो दिवस बुडवाच.

परवा गावी गेलो तर देवळी रिकामी दिसली. बरं वाटलं. मग आईनं फ्रीजच्या दारातून एक बाटली काढून दाखवली. "ही ठेवलीय बाबा, अर्धीबी संपली नव्हती."