आता खोललीच आहे, तर...

शेजाऱ्याने 6 लाखांत नवी छोटी हॅचबॅक घेतली, म्हणून तुम्हीही तसलाच करंटेपणा करू नका. तेवढ्याच पैशांत 12 वर्षं जुनी, सात सीटर, रणगाड्याएवढी डिझेल एसयूव्ही मिळते. नवी असताना ती 25 लाखांची होती. आता तिचा भाव उतरलाय हे तुम्हाला माहीत आहे, विकणाऱ्याला माहीत आहे. तिच्या स्पेअर पार्टना मात्र अजून कुणी कळवलेलं नाही. ते अजून 25 लाखांच्याच गाडीचे आहेत.

गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन आधीच गरम असेल. हा पाहुणचार समजा. सकाळी थंड इंजिन सुरू होताना काय काय बोलतं, ते पाहुण्यांसमोर कशाला? इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडून तर अजिबात बघू नका. तिथून चहाच्या किटलीसारखा धूर आला तर मेकॅनिक 'बॅक कॉम्प्रेशन मारतेय' म्हणतो, म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्यात आणि सौदा मोडतो. मीटरवर 72 हजार किलोमीटर, पण ब्रेकच्या पेडलचं रबर मात्र देवळाच्या पायरीसारखं गुळगुळीत? असेल मालक सावध स्वभावाचा. त्यातून गाडी 'डॉक्टरची' असेल तर डोळे मिटून घ्या. या राज्यात डॉक्टरांनी जेवढ्या गाड्या विकल्यात, तेवढे डॉक्टर कॉलेजांतून बाहेर पडले असतील असं वाटत नाही.

अजून स्वस्त हवी असेल तर दिल्लीची बघा. 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्या तिथे चालवायच्या नाहीत असं हरित लवादाने 2015 साली सांगितलं, 2018 साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच धरून ठेवलं, आणि तिकडच्या गाड्यांना महाराष्ट्राची ओढ लागली. एनओसी, पासिंग, आपल्या आरटीओत परत रोड टॅक्स, एवढं झालं की ती स्वस्त गाडी इथल्या गाडीच्या भावाला येते. फिरून आल्याचं समाधान वेगळं.

पहिला प्रवास मे महिन्यात करा. घरची सहा माणसं, एसी फुल, आणि खंबाटकीचा घाट. निम्म्या चढावर तापमानाचा काटा उठून उभा राहतो. मी बॉनेट उघडून रस्त्याकडेला उभा होतो तेव्हा सासरे म्हणाले, "गाडी भारदस्त आहे हो." नंतर गॅरेजमध्ये कळलं की आधीच्या कुणीतरी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनच्या पाण्याचं तापमान सांभाळणारी झडप, काढूनच टाकला होता. "आपल्याकडे लागत नाही साहेब, गरम देश आहे," इति मेकॅनिक. कूलंटऐवजी वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलेलं, त्यामुळे रेडिएटर क्षाराने गच्च. ऑइल मोजायची पट्टी, म्हणजे डिपस्टिक, काढली तर ऑइल कटिंग चहाच्या रंगाचं. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील, गेली होती, ऑइलमध्ये पाणी उतरलं होतं. हेड उतरवलं, घासून सपाट केलं (याला फेसिंग म्हणतात), 40 हजार. रेडिएटर वेगळा.

आता क्लच. हे जरा नीट समजून घ्या, कारण जुन्या गाडीचं सगळं अर्थशास्त्र इथे आहे. चढावर इंजिन ओरडतंय आणि गाडी जागची हलत नाही, म्हणजे क्लच प्लेट गेली. प्लेटची किंमत ऐकून तुम्ही खूश होता. पण प्लेटपर्यंत जायचं तर गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. तो खाली आला की मेकॅनिक बोट पुसत बाहेर येतो आणि मराठीतलं सर्वांत महागडं वाक्य उच्चारतो, "साहेब, आता खोललीच आहे, तर..." तर प्रेशर प्लेट टाकून घेऊ. तर रिलीज बेअरिंगपण. तर मागचं ऑइल सील, परत कोण गिअरबॉक्स उतरवणार? आणि हा फ्लायव्हील बघा, हाताने हलतोय. फ्लायव्हील म्हणजे क्लच ज्यावर दाबला जातो ते इंजिनचं जड चाक. तो ड्युएल मास असतो, म्हणजे आत स्प्रिंगा असलेल्या दोन चकत्या. एकाच चकतीचे पैसे लागले असते तर बरं झालं असतं. 9 हजारांचं काम 68 हजारांवर गेलं. आणि गंमत म्हणजे त्याचं प्रत्येक वाक्य खरं होतं. पुण्याच्या नाना पेठेत स्पेअर पार्टची दुकानं पालथी घातलीत तर चार-सहा हजार वाचतात, ते तुम्ही पार्किंग आणि मिसळीत घालवता.

टर्बोची, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या यंत्राची, काळजी घ्या. त्याचा पंखा मिनिटाला लाखावर फेरे घेतो आणि त्याचं वंगण इंजिनच्याच ऑइलवर चालतं, म्हणून लांबून आल्यावर किल्ली लगेच फिरवायची नाही, मिनिटभर इंजिन चालू ठेवायचं. घरचे सामान घेऊन जिना चढून जातात, तुम्ही काचा लावून एकटे बसता. या गाडीने मला फुकट दिलेली ही एकच गोष्ट.

सस्पेन्शनबद्दल फार सांगत नाही. दोन टनांचं धूड आणि आपले रस्ते. लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड पाळीपाळीने खटखटतात. गाण्याचा आवाज वाढवला की ऐकू येत नाहीत.

15 वर्षं पूर्ण झाली की आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण. त्याची फी 600 होती, एप्रिल 2022 पासून 5000. वर पर्यावरण कर. तिथे साहेब गाडीभोवती एक फेरी मारतात आणि तुमच्याकडे बघतात. त्या नजरेत कौतुक असतं असं मी धरून चालतो.

शेवटी, पार्किंगमध्ये गाडीखाली एक पुठ्ठा टाकून ठेवा. सोसायटीची नोटीस टळते आणि रोज सकाळी पेपरसारखा वाचता येतो. काळा डाग इंजिन ऑइलचा. लालसर असेल तर पॉवर स्टिअरिंग. हिरवा म्हणजे कूलंट, निदान ते भरलंय एवढं तरी कळतं. नुसतं पाणी असेल तर ते एसीचं, त्याचे पैसे पडत नाहीत. माझ्या पुठ्ठ्यावर गेल्या आठवड्यापासून एक तपकिरी डाग आहे, यांपैकी कशातच न बसणारा. तो पुठ्ठा मी तीन गॅरेजांत फिरवून आणला. तिघांनी त्यावर बोट फिरवलं, वास घेतला, दोन बोटांत चोळून बघितलं, आणि तिघांनीही तेच सांगितलं, "खोलल्याशिवाय नाही कळणार साहेब."