जुन्या गाडीला ऑइल निवडताना मॅन्युअल अजिबात उघडू नका

सेकंडहँड गाडी घेतलीत? अभिनंदन. आता ऑइल बदलायचं तर पहिलं पथ्य हेच. आधीच्या मालकानं मॅन्युअल डॅशबोर्डच्या खणात पीयूसीच्या जुन्या कागदांखाली ठेवलेलं असतं. राहू दे तिथंच. त्यात कुठल्या हवेला ऑइलची कुठली ग्रेड, म्हणजे किती जाडीचं ऑइल, याचा तक्ता असतो आणि तो वाचला की माणूस मिस्त्रीला प्रश्न विचारायला लागतो. कशाला उगीच?

त्यापेक्षा सल्ला घ्या. रंकाळ्यावर संध्याकाळी एक फेरी मारा, चार जण तरी इंजिन खोलल्यागत बोलतील. मेहुणा म्हणेल, "20डब्ल्यू-50 घाला भावजी, जाड ऑइलनं इंजिन गप बसतंय." बसतं की! तुम्हाला गाडी विकणाऱ्यानंही त्याचसाठी तेच घातलं असेल. झिजलेलं इंजिन ऑइल जाळतं तेव्हाचा निळा धूर सौदा होईपर्यंत दबला म्हणजे झालं.

ऑइल काळं पडलं की लगेच बोंब मारा. आतली घाण धरून ठेवणं हेच त्याचं काम, हे कुणाला सांगू नका.

बुलेटचं उरलेलं ऑइल कारमध्ये रिचवा. ऑइल ते ऑइल.

आणि मिस्त्री सांगेल ते मुकाट घाला. मी घातलं. गेल्या शनिवारी, कोल्हापुरात, उद्यमनगरात. "लेटेस्ट माल हाय साहेब, 0डब्ल्यू-20, फुल सिंथेटिक. गाडी लोण्यागत पळतीय बघा." माझी गाडी 2007 ची, सव्वा लाख किलोमीटर झालेली. डब्ल्यू म्हणजे विंटर. 0डब्ल्यूची परीक्षा घेतात ती उणे 40 अंशाला, तेवढ्या गारठ्यातही ते पंपानं ओढलं गेलं पाहिजे. आमच्याकडं जानेवारीत कानटोपी घातली की हिवाळा संपतो. बरं, त्या शून्यानं काही बिघडत नाही. बिघडतं पुढच्या 20 नं. तो आकडा इंजिन तापल्यावरच्या जाडीचा. माझ्या झिजलेल्या बेअरिंगांना 40 पाहिजे होतं, त्यांच्यात हे पाण्यागत पातळ ऑइल दाब धरणार कसं? रविवारी पन्हाळ्याचा घाट चढून नाक्यावर पावतीला थांबलो, तर बायको म्हणाली, "अहो, ते लाल काय लुकलुकतंय?" ऑइलचा दिवा. मागं चार गाड्यांचे हॉर्न, आणि मी बॉनेट उघडून उभा.

बिल बघितलं ते तिथंच. चार लिटर. इंजिनात मावतं सव्वातीन, आणि गेजवर, म्हणजे ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवरही, तेवढंच. फोन लावला, "मिस्त्री, उरलेलं कुठाय?"

"फिल्टरात गेलं की साहेब."

फिल्टर एवढंसं, पाऊण लिटर पितंय? वाकून बघितलं. फिल्टर जुनंच. फडक्यानं पुसलेलं, गंजाचा ओरखडा तिथल्या तिथं, आणि बिलात नवीन! म्हणजे न बदललेल्या फिल्टरात न घातलेलं ऑइल गेलं. आणि वर दात काढून हसतोय!

पण त्याला काय बोलायचं? मी तिथंच उभा होतो, मोबाइलमध्ये तोंड घालून. तुम्हीही तसेच उभे असता. गाडीला लाख-दीड लाख मोजता आणि एक पान उलटायला हात जड होतो? अरे, डब्याचं सील समोर फोडायला लावा. पेट्रोल गाडी असेल तर डब्यावर एपीआय या ऑइलचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेचा एस बघा; एस म्हणजे पेट्रोल इंजिनाचं, आणि त्यापुढचं अक्षर जितकं पुढचं तितका दर्जा नवा. जुन्या गाडीनं एसएल मागितलं असेल तर एसएन, एसपी चालतं, पण जाडीचा आकडा तक्त्यातलाच घ्या. जुनं फिल्टर हातात मागून घ्या. गेज स्वतः ओढून बघा. रिकाम्या डब्याला खिळा मारा, नाहीतर तोच डबा भंगारातून भरून "ओरिजिनल" म्हणून परत तुमच्याच गाडीत येतो. यातलं एकही काम अवघड नाही. लाज कसली वाटते? पैसे तुमचेच आहेत ना?

माझं मॅन्युअल खणातच होतं. तक्त्यात 15डब्ल्यू-40. उद्या ते घेऊन परत उद्यमनगरात जातोय, पाऊण लिटर ऑइल आणि एक फिल्टर मागायला.