रॅचेट पान्यात ग्रीस ठासू नका

‘रॅचेट जड चालतोय? डब्ल्यूडी-40 मारा, वर्षभर बघायला नको. नसेल तर ग्रीस ठासून भरा, टिकटिक थांबली की काम झालं. तेही नसेल तर घरचं खोबरेल चालतं.’ रॅचेट म्हणजे एका दिशेने पकडणारा आणि उलटा फिरवला की टिकटिक करत मोकळा फिरणारा पाना. गॅरेजवाल्यांमध्ये हा निरोप सारखा फिरतोय आणि नवीन पोरं तसंच करतात. म्हणून त्यातला एकेक मुद्दा घेऊन लिहितो.

आधी स्प्रे. डब्ल्यूडी म्हणजे ‘वॉटर डिस्प्लेसमेंट’, पाणी हटवणं. 40 म्हणजे चाळिसावा प्रयत्न. 1953 साली सॅन दिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीत तो तयार झाला आणि अ‍ॅटलास क्षेपणास्त्राचा पत्रा गंजू नये म्हणून वापरला गेला. त्यात थोडं तेल असतं, त्यामुळे ‘ते वंगणच नाही’ म्हणणारेही चुकतात. पण डब्यातला मोठा वाटा उडून जाणाऱ्या द्रावकाचा. तो आतलं जुनं ग्रीस सैल करतो, म्हणून त्या संध्याकाळी रॅचेट भिंगरीसारखा फिरतो. मग द्रावक उडतो, मागे पुसटसा थर राहतो आणि जुनं वंगणही बरंचसं धुतलं गेलेलं असतं. साफसफाईला खुशाल वापरा, पण नंतर पुसून तेल घालाच.

खरं नुकसान होतं ते ग्रीस ठासण्याने. आमच्याकडे एक पोरगा अर्धा इंची रॅचेट घेऊन आला होता. जोर लावताना पाना सटकला आणि बोटांची सालं निघाली. सर्कलिप (झाकण धरून ठेवणारी स्प्रिंगची कडी) काढून डोकं उघडलं तर आत गाडीच्या चाकाच्या बेअरिंगचं लाल ग्रीस काठोकाठ. आतल्या दातेरी चाकाच्या खाचा दिसतच नव्हत्या. 72 दातांचा रॅचेट दर 5 अंशांना एक दात पकडतो. दोन दातांमधलं अंतर जेमतेम एक-सव्वा मिलिमीटर. खाचेत अडकून चाक धरतो तो खटका. त्याच्यामागची स्प्रिंग बारीक, तिच्यात घट्ट ग्रीस बाजूला सारायची ताकद नसते. खटका खाचेच्या तळापर्यंत पोचत नाही, नुसत्या टोकांवर टेकतो. मग सगळा जोर टोकांवर येतो आणि टोकं उडतात.

टिकटिक थांबणं चांगलं, हेही म्हणूनच खरं नाही. टिकटिक म्हणजे खटका खाचेत पूर्ण बसल्याची खूण. थोड्या वंगणाने ती मऊ होते, ते ठीक. पूर्ण गप्प झालेला दातेरी रॅचेट उघडून बघा.

‘तेल घातलं की खटका घसरतो’ असंही काही जण सांगतात. दातेरी रॅचेट घर्षणावर धरत नाही, दाताच्या आकारावर धरतो. तेलाने त्याची पकड जात नाही. दात नसलेले, रोलरवर पकडणारे रॅचेट मात्र घर्षणावरच चालतात. त्यांत घट्ट ग्रीस घालू नका, बनवणाऱ्याने सांगितलेलं हलकं तेलच घाला.

खोबरेल 24 अंशांच्या आसपास थिजतं. थंडीत सकाळी बाटलीतलं गोठतं, तसंच खटक्याभोवतीचंही. खाण्याची बाकीची तेलं हवेने चिकट होतात.

मग घालायचं काय? शिलाई मशीनचं तेल. कुठल्याही दुकानात मिळतं, पातळ असतं, स्प्रिंगला अडवत नाही. फक्त ते लवकर ओघळतं, म्हणून अधूनमधून दोन थेंब द्यावे लागतात. रोज जोराचं काम असेल तर मऊ ग्रीस घ्या, एनएलजीआय ग्रेड (ग्रीसच्या घट्टपणाचा आकडा) 0 किंवा 00. नेहमीचं ग्रेड 2 घट्ट श्रीखंडासारखं, तर हे सैल दह्यासारखं. ग्रेड 2 च हाताशी असेल तर दातांवर बोटाने पुसट थर द्या, खाचांमधलं लोखंड दिसत राहिलं पाहिजे. खटक्याच्या बुडाशी तेलाचा एक थेंब, आतल्या छऱ्याला (बारीक पोलादी गोळीला) एक. उघडताना खाली पांढरं फडकं पसरा. स्प्रिंग आणि छर्रा उडाला तर काळ्या फरशीवर सापडत नाही.

टॉर्क पान्याला, म्हणजे ठरवलेल्या जोरानेच बोल्ट आवळायच्या पान्याला, हे सगळं लागू नाही. त्याच्या दांड्यात तेल सोडू नका, रॉकेलात तर बुडवूच नका. आतलं वंगण निघालं की सेटिंगचा भरवसा गेला.

त्या पोराचा रॅचेट रॉकेलात धुऊन, वाळवून दोन थेंब तेल घातलं. तरी उडालेले दोन दात गेले ते गेलेच, दातेरी चाक आणि खटका नवीन बसवावा लागला.