सगळं करून मिळेल

माझ्या प्रोफाइलवर आधी ही ओळ होती: "रेकॉर्डिंग, एडिटिंग, मिक्सिंग, मास्टरिंग, डबिंग, पॉडकास्ट, सगळं करून मिळेल." खाली माइक आणि प्लगइन्सची लांबलचक यादी. त्या ओळीवर कामं मिळालीही, पण प्रत्येक वेळी भाव पाडून. आपण सगळंच करतो म्हटलं की समोरच्याकडे तुलना करायला एकच गोष्ट उरते, रेट.

आणि ती माइकची यादी कोणासाठी होती कोण जाणे. शुअरचा एसएम57 1965 पासून बाजारात आहे, ज्याच्या त्याच्याकडे असतो. यादी वाचून भारावतात ते दुसरे इंजिनियर, आणि ते आपल्याला काम देणार नसतात.

डोळे उघडले ते एका ऑडिओबुकमुळे. आधीच्या एका इंजिनियरने केलेलं काम प्रकाशकाकडून परत आलं होतं. फाइल उघडली, मीटरवर सगळं चोख. एसीएक्स या ऑडिओबुक प्लॅटफॉर्मसाठी लागतं तसं आरएमएस (आवाजाची सरासरी पातळी) -23 ते -18 डीबीच्या मधे, पीक (सगळ्यात मोठा क्षण) -3 च्या खाली, नॉइज फ्लोअर (कोणी बोलत नसताना उरणारा आवाज) -60 च्या खाली. मग अडलं कुठे? हेडफोन लावून दहा मिनिटं नुसतं ऐकलं. वाक्य संपलं की खोलीच नाहीशी व्हायची. नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारी सोय) इतका कडक लावला होता की शब्दांच्या मधे ठार शून्य, श्वास अर्ध्यात तोडलेले, 'स'ने संपणाऱ्या शब्दांच्या शेपट्या कापलेल्या. ऐकताना वाटायचं, वाचणाऱ्याचं कोणीतरी दर वाक्याला तोंड दाबतंय.

मूळ रेकॉर्डिंग मागवलं. त्यात विजेची 50 हर्ट्झची घरघर होती, आणि तिच्या पटीत 100, 150 वरही. आता गंमत बघा, वाचणारा पुरुष, त्याचा मूळ स्वर 100-120 च्या आसपास. 100 वर ऐसपैस कट मारला की घरघर जाते आणि त्याच्याबरोबर आवाजातलं वजनही. म्हणून तिथे अगदी अरुंद फिल्टर, तोही जेमतेम गरजेपुरता. मग एका लांब विरामातून त्याच खोलीची वीसेक सेकंदांची शांतता उचलली, नॉइज कमी करून -60 च्या खाली आणली आणि वाक्यांच्या मधे पसरली. श्वास ठेवले, फक्त थोडे खाली घेतले. फाइल पास झाली. त्याच प्रकाशकाकडून पुढची तीन पुस्तकं आली आणि रेटवर कोणी घासाघीस केली नाही.

हल्ली नॉइज काढणं एका बटणावर आलंय. त्यावर रडणारे बरेच आहेत, मला ते रडणं पटत नाही. बटणाला घरघर कळते. कुठे हात आवरायचा, हे अजून तरी माणसालाच ठरवावं लागतं, आणि पैसे त्याचेच आहेत. नुसतं बटण दाबून देण्याचेच पैसे घेत असाल, तर मात्र काळजी करा.

आता काम घेण्याआधी मी पहिला प्रश्न विचारते, "हे वाजणार कुठे?" युरोपातल्या प्रसारणासाठी -23 एलयूएफएस (कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप), पॉडकास्टसाठी बहुधा -16, स्पॉटिफाय स्वतःच -14 च्या आसपास आणून ठेवतं. निम्म्या लोकांना हा प्रश्न याआधी कोणी विचारलेलाच नसतो. तिथेच त्यांचा सूर बदलतो.

एक चूक माझीही सांगते. तासाभराची मुलाखत, कॅमेरा वेगळा, रेकॉर्डर वेगळा. सुरुवातीच्या टाळीवर सिंक जुळवलं आणि बिनधास्त पाठवून दिलं. दोन्हींची घड्याळं स्वतंत्र चालतात, त्यामुळे शेवटाकडे ओठ आणि आवाज यांची फारकत झाली होती. शेवट तपासलाच नव्हता. तो क्लायंट गेला तो गेलाच. तेव्हापासून शेवटची दोन मिनिटं बघितल्याशिवाय फाइल पाठवत नाही. कामासोबत एक छोटी नोंदही जाते: काय काढलं, काय तसंच ठेवलं, आणि कितव्या मिनिटाला काय सुधारलं नाही. खोलीचा घुमणारा आवाज एका मर्यादेपलीकडे निघत नाही, हे मीच आधी सांगितलेलं बरं. चार दिवसांनी त्यांच्या कानाला लागलं की ते माझं काम खराब ठरतं. (ही नोंद लिहायला दहा मिनिटं लागतात. कंटाळा येतो. तरी लिहिते.)

नमुन्यांमधूनही गाणी काढून टाकली. आता तीसेक सेकंदांच्या तीन जोड्या आहेत, आधीचं आणि नंतरचं. चांगल्या स्टुडिओत रेकॉर्ड झालेलं गाणं छान वाजतं त्यात माझा वाटा किती, हे ऐकणाऱ्याला कसं कळणार?

प्रोफाइलवर आता एवढंच आहे: "बोललेला आवाज साफ करून देते." परवा एकाने विचारलं, गाणं मिक्स करून द्याल का. पूर्वी लगेच हो म्हटलं असतं. त्याला एका मैत्रिणीचा नंबर दिला. गेल्या महिन्यात तिनेच माझ्याकडे दोन ऑडिओबुकं पाठवली होती.