जरा घासून घ्या म्हणे!

चौथा डबा. चौथा! आत्ता समोर टेबलावर पडलाय आणि विस्तवावर जास्त वेळ राहिलेल्या पापडासारखा दिसतोय. त्याची ही दशा कशी झाली ते सांगतो, पण आधी मला ओरडू द्या.

मला हवं होतं काय? हातात मावणारा व्हिडिओ गेम. लहानपणी आमच्या वाट्याला तो ‘९९९९ इन १’ लिहिलेला ब्रिक गेम आला होता, ज्यात खरे गेम बोटांवर मोजण्याइतके आणि बाकी सगळा त्यांचाच वेग वाढवलेला अवतार. खरा गेमबॉय सोसायटीत एकाकडेच होता आणि तो कुणाला हात लावू द्यायचा नाही. म्हटलं, आता पगार आहे, थोडी अक्कल आहे, आपणच बनवू. रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू घेतला, ६५ बाय ३० मिमीचा एवढुसा कॉम्प्युटर-बोर्ड. साडेतीन इंची स्क्रीन, चपटी लिथियम बॅटरी, चार्जिंगचं मोड्यूल, बटणं. सोल्डरिंग, सॉफ्टवेअर, सगळं दोन रविवारांत उरकलं. टेबलभर वायरींच्या शेवया, पण गेम लोण्यासारखा चालत होता. लोकांना वाटतं हेच अवघड असेल. अवघड डोंबल! अवघड आहे तो डबा. हे सगळं ज्यात बसवायचं तो पोकळ, मुका, थ्रीडी प्रिंट करून घेतलेला प्लास्टिकचा डबा. त्याच्यापायी पाच महिने गेले माझे.

पहिला डबा स्क्रीनने खाल्ला. विकणाऱ्याने दिलेल्या चित्रात काचेची लांबी-रुंदी होती, म्हणून मी बरोब्बर मधोमध खिडकी कापली. आता मला सांगा, चित्र दिसणारा भाग काचेच्या मधोमध नसतो हे लिहायला काय शाईचे पैसे पडतात? ज्या बाजूने ती चपटी रिबन बाहेर येते तिकडची पट्टी जाड असते, त्यामुळे चित्र दुसऱ्या बाजूला सरकलेलं असतं. खिडकीतून खाली काळी पट्टी दिसतेय आणि वरचा स्कोअर भिंतीमागे गेलाय. विकणाऱ्याला कळवलं तर उत्तर आलं, ‘वरची बाजू जरा घासून घ्या.’ हे वाक्य लक्षात ठेवा.

मग डिजिटल व्हर्नियर घेतलं आणि विकणाऱ्याच्या एकाही आकड्यावर विश्वास न ठेवता सगळं स्वतः मोजलं. दुसरा डबा. या वेळी बटणं. बटणाचा व्यास ८ मिमी, म्हणून भोक ८.२ ठेवलं. प्रिंट आल्यावर मोजलं तर भोक जेमतेम ७.९! थ्रीडी प्रिंटरमध्ये गोल भोकं काढलेल्या मापापेक्षा लहान येतात. शिवाय पहिला थर तापलेल्या पाट्यावर दाबला जाऊन बाहेर पसरतो, म्हणजे भोकाच्या तोंडाशी आणखी एक कड. हे प्रिंट करणाऱ्याला माहीत असतं, हो की नाही? दर ग्रॅमवर लावतो, मग तेवढं तरी बोलावं माणसाने. तर तो म्हणाला, ‘सर, एवढं होतंच. पॉलिश पेपरने घासून घ्या.’ घासलं. मग बटण इतकं ढिलं झालं की खुळखुळ्यासारखं वाजायला लागलं. आणि ‘ए’ बटण दाबलं की आतच अडकून बसायचं, माझा हिरो आपला एकाच जागी उड्या मारतोय, मारतोय, खड्ड्यात पडेपर्यंत.

आणि ते चार दिशांचं फुलीसारखं बटण! गुनपेई योकोई नावाच्या माणसाने ते १९८२ च्या ‘गेम अँड वॉच’ या हातात मावणाऱ्या गेमसाठी काढलं तेव्हा आतली करामत किती साधी वाटावी अशी: मध्याखाली एक उंचवटा, त्यावर फुली झुलते, म्हणून डावं-उजवं एकदम दाबलं जात नाही. तो उंचवटा अर्धा मिलिमीटर कमी पडला की चारही दिशा एकदम लागतात, अर्धा जास्त झाला की एकही लागत नाही. मी दोन्ही करून पाहिलंय. १९८९ चा तो करडा गेमबॉय, ज्यात चार पेन्सिल सेल जायचे, लोक आजही खोलतात आणि बंद केल्यावर कडेला कड तंतोतंत बसते. माझा नवाकोरा डबा बंद केला तर फटीतून आतला लाल दिवा दिसतो.

स्क्रूंचं तर बोलूच नका. बोर्डाला एम २.५ चे, म्हणजे अडीच मिमीचे स्क्रू लागतात. पुण्यातली इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची अख्खी तपकीर गल्ली पालथी घातली. ‘अडीच? तीन घ्या की साहेब.’ अहो, भोकात जात नाही तीन! ‘मग भोक जरा घासून मोठं करा.’ बोर्डाचं भोक! बाजूने तांब्याच्या रेषा गेल्यात त्या बोर्डाचं! तिथेच दुकानासमोर फतकल मारून रडावंसं वाटलं.

तिसऱ्या डब्यात चार्जिंगचं तोंड भिंतीच्या दोन मिलिमीटर आत राहिलं. मोड्यूलचं माप बरोबर, भोकाचं माप बरोबर, पण केबलच्या टोकाला जे जाड रबरी गबाळ असतं ते मोजलंच नव्हतं. पिन पोचतच नाही. ही चूक माझी, मान्य. पण रात्री दीड वाजता मान्य करायला कसं वाटतं ते मलाच ठाऊक. आई दार उघडून म्हणाली, ‘अरे, श्रीखंडाचा डबा रिकामा झालाय, त्यात नाही का बसत?’ मी काही बोललो नाही.

चौथा मात्र बसला. खरंच बसला! खिडकी बरोबर, बटणं टिकटिक वाजतात, केबल जाते, बॅटरी पुढेमागे फुगली तर म्हणून मागे जागाही सोडलेली. मित्राला दाखवायला म्हणून गाडीत ठेवला, आणि जेवायला गेलो. पुण्यातला मे महिना, दुपारचा दीड, काचा बंद, डॅशबोर्डवर ऊन. डबा ज्याचा होता ते पीएलए प्लास्टिक साठेक अंशांना मऊ पडतं, हे मी स्वतः दहा जणांना शिकवलंय. बॅटरी आदल्या रात्री काढून ठेवली होती, तेवढीच देवाची कृपा.

आता पाचवा पीईटीजी प्लास्टिकमध्ये प्रिंटला टाकलाय, ते आणखी वीसेक अंश तग धरतं. तोवर आतलं सगळं खरंच त्या श्रीखंडाच्या डब्यात आहे, झाकणाला कात्रीने खिडकी पाडून, रबरबँड लावून. भाचा काल चार तास त्यावर खेळला. एकदाही बटण अडकलं नाही.

मगाशी प्रिंटवाल्याचा मेसेज आलाय. ‘सर, रेडी आहे. एका बाजूने किंचित टाइट वाटतंय, जरा...’

पुढचं मी वाचलेलं नाही.