शंभर रुपयांची कपात सूचना

लोकसभेच्या एका दिवसावरचा एक लेख वाचला; त्यात प्रश्नोत्तराचा तास छान आलाय, पण अनुदानाच्या मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पात प्रत्येक खात्याच्या खर्चासाठी सभागृहाकडे मागितलेल्या रकमा, एका ओळीत उरकल्यात, हे खटकलं. खरा पैसा तिथेच मंजूर होतो! एखाद्या खात्याविरुद्ध गाऱ्हाणं मांडायला खासदार मागणीत फक्त १०० रुपयांची कपात सुचवतो. रक्कम नावाला, पण त्यानिमित्ताने मंत्र्याला नेमक्या त्या मुद्द्यावर उत्तर द्यावं लागतं. मला हे हत्यार फार मोलाचं वाटतं. मात्र वेळ संपली की ‘गिलोटिन’ लागतं आणि उरलेल्या मागण्या चर्चेविना एकगठ्ठा मताला टाकतात. २०१८ आणि २०२३ मध्ये तर सगळ्याच मागण्या अशा गेल्या. प्रश्नोत्तराच्या तासात तारांकित, म्हणजे मंत्र्याने तोंडी उत्तर द्यायचे, प्रश्न रोज २० असतात, गोंधळात त्यातले बरेच तोंडी उत्तराविना राहतात, तेही वाईटच. पण चर्चेविना गेलेला अर्थसंकल्प मला जास्त खटकतो.