झोपेतली बाई

उशीच्या दुकानात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न ठरलेला. "मॅडम, तुम्ही झोपता कशा? कुशीवर, पाठीवर की पोटावर?"

मला कसं माहीत असणार? मी झोपलेली असते.

दिवा मालवताना मी डाव्या कुशीवर असते, हे शपथेवर सांगते. सकाळी जाग येते तेव्हा उताणी असते, एक हात डोक्याखाली मुंग्या येऊन बधिर झालेला आणि पांघरूण जमिनीवर. मधल्या वेळात माझ्या अंथरुणात जी कोणी बाई वावरते, तिची माझी ओळख नाही. आणि उशी तिच्यासाठी घ्यायची आहे. निवडायची मी, पैसे भरायचे मी, वापरणार ती. मान वाटेल तशी तिने मुरडायची आणि दिवसभर चोळत मी बसायचं, ही वाटणी तर आमच्यात आधीपासूनच आहे.

साक्षीदार एकच, नवरा. त्याला विचारलं.

"तू ना, सगळीकडे झोपतेस."

"अरे पण कुठल्या बाजूला?"

"माझ्या."

या जबानीवर काही ठरवणं शक्य नव्हतं. शिवाय साक्षीदार स्वतः घोरत असतो, तेव्हा त्याने नक्की काय पाहिलं असेल हाही प्रश्नच.

पण काहीतरी करायला हवं होतं. उठल्यावर मान अशी धरलेली असायची की मागून कुणी हाक मारली तर मी कमरेपासून अख्खी वळायचे. ऑफिसमधल्या नव्या मुलांना वाटायचं, बाई फारच अदबीने ऐकून घेतात. शेवटी फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले. त्यांनी मान इकडून तिकडे फिरवून पाहिली, मी जमेल तेवढं ओरडले, आणि मग त्यांनी मला हिशेब समजावला. डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो. ते तोलायला मानेत मणके सात. "जिराफालाही सातच असतात," असं त्या धीर देण्याच्या सुरात म्हणाल्या. मला धीर आला नाही, जिराफाचा हेवा मात्र वाटला. तो गाढ झोपतो तेव्हा मान मागे वळवून स्वतःच्याच पुठ्ठ्यावर डोकं टेकवतो. उशी अंगचीच, आणि उंची काय हवी हे त्याला कुणी विचारत नाही.

तत्त्व म्हणाल तर साधं आहे. ताठ उभं राहिल्यावर डोकं, मान आणि पाठ जशी एका ओळीत असतात, तशीच ती आडवं झाल्यावरही राहायला हवीत. कुशीवर झोपणाऱ्याच्या कानापासून खांद्याच्या टोकापर्यंत जी पोकळी उरते ती उशीने भरायची, म्हणून त्याला उंच उशी. पाठीवर झोपणाऱ्याला मध्यम, मानेच्या बाकाला आधार देण्यापुरती. पोटावर झोपणाऱ्याला अगदी पातळ, किंवा नकोच. त्याची मान आधीच एका बाजूला पिळलेली असते, तिला वर आणखी उचलायचं कशाला? म्हणजे तीन तऱ्हांना तीन उंच्या. आणि रात्रीतून माणूस कितीतरी वेळा कूस बदलतो. आमची बाई तर तिन्ही तऱ्हा करून वर एखादी स्वतःची घालत असावी.

खांदा मोजायचं काम मुलाने अंगावर घेतलं. मला भिंतीला खांदा टेकवून उभं केलं आणि कान ते भिंत असं अंतर पट्टीने मोजलं. "आई, खांदे पाड. एवढी ताठ का उभी आहेस?" खांदे पाडले तर माप एक, न पाडता दुसरं, आणि नवऱ्याने खात्रीसाठी पुन्हा मोजलं तर तिसरंच. मग मुलाने कुठूनतरी वाचून आणखी एक पाचर मारली: गादी मऊ असेल तर खांदा तिच्यात रुततो आणि उशी तेवढीच कमी उंचीची लागते. म्हणजे आधी गादीचा विचार करायला हवा. हे मी दुकानात सहज बोलून गेले, आणि विक्रेत्या मुलाच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी विसरणार नाही. तो लगेच गाद्यांच्या दालनाकडे चालू लागला. मी जागची हलले नाही. मान वळत नसल्याचा आयुष्यात एवढा एकच फायदा झाला.

त्याने मग फळीवरच्या उशा एकेक काढून दाखवल्या. लॅटेक्सची उशी डोकं टेकताच ते परत वर ढकलते, जणू तुम्ही परवानगी न घेता टेकलात. पाण्याची उशी आत पाणी भरून उंच करायची असते. तिचं नाव काढताच नवऱ्याने गादीकडे काळजीने पाहिलं, तेव्हा तो विषय तिथेच संपला. बकव्हीट म्हणजे कुट्टू, त्याच्या टरफलांची उशी मला मनापासून आवडली. हवी तेवढी टरफलं काढा, उंची आपल्या हातात. फक्त डोकं हलवलं की कोणीतरी वाळलेल्या पाचोळ्यातून कानाशी चालत यावं तसा आवाज होतो, आणि अंधारात ते कोण आहे हे पाहायला उठावंसं वाटतं.

सगळा भर अर्थातच मेमरी फोमवर होता. वेष्टनावर अंतराळवीराचं चित्र. त्यात तथ्य आहे, पण चित्रातलं नव्हे. हा फोम 1966 साली नासासाठी चार्ल्स योस्ट यांनी तयार केला, तो विमानाच्या आसनांकरिता. विमान आदळलंच तर बसलेल्या माणसाला कमी मार लागावा, हा हेतू. माझ्या रात्री अजून त्या थराला गेलेल्या नाहीत, तरी हा इतिहास ऐकून बरं वाटलं. फोम अंगाच्या उबेने मऊ होतो आणि थंडीत कडक. त्यामुळे गारठ्याच्या रात्री आधी आपण उशीला ऊब द्यायची, मग ती आपल्याला आराम देणार. नव्या फोमला वासही येतो, म्हणून तो एक-दोन दिवस हवेवर टाकायचा. मला मात्र वेगळीच आशा होती. हा फोम म्हणे आकार लक्षात ठेवतो, म्हणजे सकाळी उशीवरचा खड्डा पाहिला की झोपेतली बाई कुठे होती ते कळेल! छे. डोकं उचललं की काही क्षणांत खड्डा भरून उशी सपाट. लक्षात ठेवते ती स्वतःचा मूळ आकार, आपला नाही.

दुकानात उशी "ट्राय" करणं हा प्रकार कुणी शोधला माहीत नाही, पण त्याची मान आखडो. लख्ख दिव्याखाली, पायांतल्या चपला गादीबाहेर लोंबकळत ठेवून, पर्स पोटावर घट्ट धरून तुम्ही आडवं व्हायचं. आजूबाजूला पडदे बघायला आलेली कुटुंबं. विक्रेता डोक्याशी उभा राहून म्हणतो, "रिलॅक्स, मॅडम." तिथे प्रत्येक जण उताणाच झोपतो, पाय जुळवून, छताकडे पाहत. ती सभ्य बाई घरी कधीच येत नाही. तिच्या मापाची उशी घेऊन मी काय करू?

"सवय व्हायला थोडे आठवडे लागतात," विक्रेता म्हणाला. उशी परत करण्याची मुदतही साधारण तेवढीच होती. म्हणजे एक तर मानेला उशीची सवय होणार, नाहीतर दुकानाची सुटका होणार.

एवढा कीस पाडल्यावर वाटतं, पूर्वीच्या लोकांनी काय केलं असेल? प्राचीन इजिप्तमध्ये डोक्याखाली लाकडाचा नाहीतर दगडाचा टेकू असे. 1922 मध्ये तुतनखामेनची कबर सापडली, तिच्यात असे टेकू निघाले. त्यांतल्या हस्तिदंतीवर हवेचा देव शू दोन्ही हातांनी वरची कमान उचलून धरतोय. राजाची मान सांभाळायला थेट देवाची नेमणूक! चीनमध्ये चिनी मातीच्या भाजलेल्या उशा होत्या. जपानमध्ये केशरचना मोडू नये म्हणून बायका मानेखाली उंच, अरुंद टेकू घेत. यांच्यापैकी कुणाला झोप कशी लागायची, देव जाणे. निदान "पाठीवर की कुशीवर" हा प्रश्न जपानी बाईला पडत नसावा. हललं तर केस गेले.

घरी जुन्या उशीची परीक्षा घेतली. उशी मधोमध दुमडून सोडायची. उलगडून पूर्ववत झाली तर तिच्यात जीव आहे, नाहीतर तिचे दिवस भरले. आमची दुमडली ती तशीच राहिली. नवरा म्हणाला, "तिला तरी झोपू दे."

शेवटी घेतली ती थरांची उशी. खोळीत फोमचे सुटे थर, हवे तेवढे ठेवायचे, नको ते काढायचे. कडेला उंच, मधे खोलगट, म्हणजे बाई पाठीवर आली तर खळग्यात आणि कुशीवर गेली तर कडेवर. थर घालून काढून पाहण्यात माझ्या बऱ्याच संध्याकाळी गेल्या. काढलेला एक थर फिजिओथेरपिस्ट बाईंच्या सल्ल्याने कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये गेला, दुसरा मुलाने खुर्चीसाठी पळवला. आणि सांगायला हरकत नाही, मानेत फरक पडला. परवा रिक्षाने मागून हॉर्न दिला तर नुसती मान वळवून बघितलं. फार वर्षांनी बघितलं, म्हणून जरा जास्तच वेळ बघत राहिले.

अडचण एवढीच, की अलीकडे उशी सकाळी नवऱ्याच्या डोक्याखाली सापडते. तो म्हणतो, "रात्री तूच दिलीस." देणारी मी नव्हे, ती बाई असणार, आणि तिच्या उदारपणाची जबाबदारी मी का घ्यावी? पण त्याचे खांदे माझ्यापेक्षा बरेच रुंद, त्यामुळे माझ्या मापाच्या उशीवर आता त्याची मान धरली आहे. आज सकाळपासून तो कमरेपासून वळतोय. मुलाने पट्टी आणली आहे आणि बाबाला भिंतीशी उभं केलं आहे.

"बाबा, खांदे पाड."

"पाडलेलेच आहेत."

"मग पोट आत घे."

"पोटाचा उशीशी काय संबंध?"

"तू पोटावर झोपतोस ना?"

"मी?" नवरा म्हणाला. "कोण म्हणालं?"